मामीला पाहून मागे सरणारी गाय : सत्तरीतल्या एका गोठ्याचं प्रकरण

जुलैच्या अखेरीस मामाचा फोन आला. "बाबू, तू त्या उंदरांना भिववून काय ते शिकलास ना, त्याचा आता आम्हाला उपयोग होऊ दे. तांबू गोठ्यात पाय ठेवत नाही."

मामाचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेला. मी पणजीत शिकवतो. पीएचडीच्या वर्षांत मी खरंच उंदरांना भिववत होतो. दोन कप्प्यांची पेटी, दिवा लागला की काही सेकंदांनी तळाच्या सळ्यांतून सौम्य विजेचा झटका, आणि झटका यायच्या आत पलीकडच्या कप्प्यात जायला उंदीर किती फेऱ्यांत शिकतो याची मोजदाद. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला परिहार अध्ययन म्हणतात, म्हणजे त्रास व्हायच्या आत त्याला टाळायला शिकणं. घरच्यांच्या लेखी मात्र मी उंदीर छळून पगार घेणारा भाचा. त्यामुळे हे बोलावणं मला बढतीसारखंच वाटलं.

काय दिसत होतं

तांबू जर्सी संकरित, दुसऱ्या वेताची, एप्रिलमध्ये व्यालेली. जूनमध्ये दोन्ही वेळचं मिळून अकरा-बारा लिटर द्यायची. मी पोचलो तेव्हा सातावर आली होती. मे महिन्यात मामाने गोठ्याची अर्धी बाजू नवी केली होती. सिमेंटची जमीन, लोखंडी नळ्यांचा कठडा, तोंडाने दाबलं की पाणी सोडणारी लोखंडी वाटी, आणि दूध काढायचं मशीन. उरलेली अर्धी बाजू आजोबांच्या काळातली. शेणाने सारवलेली जमीन, लाकडी मेढी, चिऱ्याची दगडी डोण. तिथे कपिला उभी असते. ती श्वेतकपिला जातीची, गोव्याची स्वतःची गाय, नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी. दूध दोन-अडीच लिटर, तेही हाताने काढायचं. तिची कुठलीच तक्रार नव्हती.

तांबूचं वागणं मी दोन दिवस नुसतं बसून लिहून काढलं. सकाळी कुळागरातून ती ऐटीत येते. खळ्यापर्यंत ठीक. मग मामी सोप्याच्या टोकाशी असलेल्या पंपाच्या स्टार्टरकडे चालायला लागते. रोजचा क्रम असा की मामी पंप चालू करते, जमीन धुते, कास धुते आणि मग मशीन लावते. मामीने खळं ओलांडलं की तांबू कान मागे घेते आणि मागच्या पायांनी सरकते. पंपाचा आवाज सुरू होण्याआधीच ती वळून पोफळींत जाते. ढकलून आत नेली तर मागचे पाय आळीपाळीने उचलते, कप झटकून टाकते, पान्हा चोरते. वाटीतून सलग पाणी पीत नाही, कुत्र्यासारखी जीभ लावते आणि मान मागे घेते. बाहेर पोफळीला बांधून हाताने दूध काढलं तर शांतपणे रवंथ करते.

मामीला हे फार लागलं होतं. तांबू वासरू असताना ताप आला तेव्हा मामीनेच तिला रात्रभर शेकलं होतं. "माझंच तोंड बघवत नाही तिला," ती म्हणाली. मग लगेच विषय बदलून चहा टाकायला गेली.

आधीचे उपाय, त्यांत माझाही

घरात उपाय करून झाले होते. दृष्ट काढली. मामाने देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल घेतला, पाकळी उजवी पडली. "देव हो म्हणतो, गाय नको म्हणते," असं मामाच सांगत होता. गुरांच्या डॉक्टरांनी कास तपासली, सड तपासले, खूर बघितले. दाह नाही, जखम नाही, ताप नाही. गड्याने स्वतःचा उपाय केला होता, तो म्हणजे काठी. काठीने तांबू दोन पावलं पुढे जायची आणि तीन मागे यायची. रॉबर्ट बोल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेली गोष्ट इथे डोळ्यांसमोर घडत होती. घाबरलेला प्राणी वाटेल ती कृती शिकत नाही. त्याच्या जातीची जी उपजत बचावाची रीत असते, पळणं, गोठून उभं राहणं, झुंजणं, तिच्याशी जुळणारी कृती तो चटकन उचलतो. उंदीर झटका टाळायला पळायला पटकन शिकतो, पण त्याच कामासाठी पट्टी दाबायला शिकवताना माणूस म्हातारा होतो. घाबरलेल्या गायीने मागे सरणं ही तिची उपजत रीत. अरुंद, आवाजाच्या जागेत पुढे पाऊल टाकायला काठीने शिकवणं म्हणजे नेमकं उलट्या दिशेने ओढणं.

शेवटी दोन दिवस तिला आत बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती धडपडायची थांबली, मान खाली घालून उभी राहिली. "बघ, सुधारली," असं सगळ्यांना वाटलं. दूध त्या दिवशी चार लिटर. सोडल्यावर पुन्हा तेच. या दोन दिवसांकडे मी नंतर परत येतो.

आता माझा उपाय. दूध काढायच्या मशीनचा आवाज हेच कारण, असं मी पहिल्या तासाभरात ठरवून टाकलं. कपिलाला काही होत नाही हे मला दिसत होतं, पण त्याचं स्पष्टीकरणही माझ्याकडे तयार होतं. कपिला मशीनला लावली जात नाही, आणि शिवाय संकरित गायी जरा नाजूकच. हातात एखादं शास्त्र असलं की समोरची प्रत्येक गोष्ट त्यात बसवता येते, आणि ती बसली की वर समाधानही मिळतं.

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईने १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती खाऊ देऊन घालवली. मूल आवडीचं खात असताना ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. मी तेच करायचं ठरवलं. पेंड आणि गुळाची बादली गोठ्याच्या कठड्याला अडकवली आणि तांबूला हळूहळू तिच्यापर्यंत आणलं. तिसऱ्या दिवशी तिने बादलीत तोंड घातलं. मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षक ठरवत होतो. तेवढ्यात मामीने पंप लावला. तांबूने असं डोकं मागे घेतलं की बादली माझ्या गुडघ्यावर आदळली. त्यानंतर तिने बादलीही टाकली आणि मलाही. जोन्सने हा इशारा तेव्हाच देऊन ठेवला होता. खाणं आणि भीती एकत्र आणताना हात निष्काळजी असला तर खाण्याने भीती जाण्याऐवजी भीतीच खाण्याला चिकटते. मी हा लेख दरवर्षी वर्गात शिकवतो.

मामीच्या हाताला मुंग्या

उलगडा केला मामीने. रविवारी दुपारी ती अनवाणी गोठा धूत होती, पंप चालू होता. मी बाहेर बसून वहीत काहीतरी लिहीत होतो. तिने कठड्याला हात टेकला आणि सहज म्हणाली, "अरे, हांगा हाताक मुंग्यो येतात. पावसात नेमीच येतात."

"कधीपासून?"

"पाऊस लागल्यापासून. वय झालं आता."

मामा गोठ्यात गमबूट घालून येतो. गडीही गमबूट घालतो. डॉक्टर गमबूट घालून आले होते. मी चांगल्या रबरी सोलचे बूट घालून होतो. त्या ओल्या सिमेंटवर उघड्या पायांनी उभ्या राहणाऱ्या दोघीच होत्या, मामी आणि तांबू.

गावातला वायरमन आला. त्याने खिशातला टेस्टर कठड्याला लावला. दिवा लागला नाही. "करंट नाही," तो म्हणाला, आणि इथेच हे प्रकरण दुसऱ्यांदा चुकीच्या वाटेला लागलं असतं. निऑनचा तो छोटा टेस्टर पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. त्याखालचं काहीही त्याला दिसतच नाही. मी वाळपईहून मल्टिमीटर आणला. एक टोक कठड्याला, दुसरं ओल्या जमिनीवर ठेवलेल्या पत्र्याला. पंप बंद असताना शून्याच्या आसपास. मामीने स्टार्टर दाबला आणि आकडा आठ व्होल्टवर गेला. कपिलाच्या बाजूला तेच मोजलं तर काहीच नाही, कारण तिथे लोखंडच नव्हतं. तिच्या स्वभावाला मी जे श्रेय दिलं होतं ते लाकडी मेढीचं आणि दगडी डोणीचं होतं.

विहिरीवरच्या पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन ओलीने खराब झालं होतं. अर्थिंगची तार पंपघराबाहेर गंजून तुटली होती, तिचं टोक गवतात लोंबत होतं. मोटरच्या अंगावर आलेली वीज लोखंडी पाइपातून थेट गोठ्यातल्या वाटीपर्यंत आणि तिला वेल्डिंग केलेल्या कठड्यापर्यंत येत होती. मे महिन्यात सगळं कोरडं होतं म्हणून काही जाणवलं नाही. आणि माझी बादली लोखंडी होती, लोखंडी आकड्याने त्याच कठड्याला टांगलेली. मी तांबूला तीन दिवस खपून जिभेला झटका घ्यायला शिकवत होतो.

आठ व्होल्ट ऐकून मामा हसला होता. माणसाला साधारण एक मिलिअँपियर प्रवाह जाणवायला लागतो. कोरड्या कातडीच्या, बूट घातलेल्या माणसातून आठ व्होल्टला तेवढा प्रवाहही जात नाही. गायीच्या शरीराचा विजेला होणारा विरोध माणसाच्या मानाने कमी, चारही खूर ओल्यात, आणि तोंड तर नेहमीच ओलं. गोठ्यातल्या अशा गळक्या विजेबद्दल दुग्धव्यवसायात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पाणी जिभेने चाटणं, पाय नाचवणं, आत यायला नकार, अर्धवट दूध, ही तिची ठरलेली लक्षणं. मला ती माहीत नव्हती. माझ्या पेटीत वीज मी स्वतः सोडत असे, त्यामुळे ती शोधायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

तांबूने मामीलाच का धरलं, हेही आता स्पष्ट झालं. झटक्याआधी नेमाने घडणारी गोष्ट एकच होती, मामीचं खळं ओलांडणं. गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ साली उंदरांवर दाखवलं की प्राणी वाटेल त्या खुणेला वाटेल त्या त्रासाशी जोडत नाही. पोट बिघडलं तर दोष चवीला जातो. बाहेरून झटका बसला तर दोष दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टीला जातो. म्हणून पेंडीची चव निर्दोष सुटली आणि मामीची पावलं सापडली. मामीला मी हे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यावर राग नाही ना तिचा?" नाही, म्हटलं. तिला तेवढंच हवं होतं.

झटका गेला, गाय आली नाही

मोटर रिवाइंड झाली. नवीन खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, तीस मिलिअँपियरला तुटणारा ब्रेकर बसवला, पाइपात मध्ये प्लास्टिकचा तुकडा टाकला. मामाने स्वतःसाठी मल्टिमीटर विकत घेतला आणि वहीत रोज दोन वेळा आकडा लिहायला लागला. शून्य, शून्य, शून्य.

तांबू आली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. मामी खळं ओलांडायची, तांबू वळून पोफळींत जायची.

या टप्प्यावर मामाचा धीर सुटला आणि माझं शास्त्र पहिल्यांदा कामाला आलं. १९५३ साली हार्वर्डमध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहेत आणि वाचायला त्रासदायक आहेत. मधे अडसर असलेली दोन कप्प्यांची पेटी. खूण झाली की दहा सेकंदांनी जोराचा झटका. त्याआधी पलीकडे उडी मारली तर काही नाही. कुत्री मोजक्या फेऱ्यांत शिकली. मग झटका कायमचा बंद केला. खूण दाखवायची, झटका द्यायचाच नाही. कुत्री उड्या मारतच राहिली, दोनशे फेऱ्या झाल्या तरी. पुढे काही कुत्र्यांना उडी मारल्यावर पलीकडे झटका देऊन पाहिला, तरी त्यांतल्या काही उडी मारतच राहिल्या. आज कुठलीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते बरंच आहे.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या, घंटा ऐकून लाळ गाळायला शिकलेल्या कुत्र्याला घंटेनंतर खाणं मिळेनासं झालं की लाळ हळूहळू आटते, याला विलोपन म्हणतात. मग टाळण्याची सवय का आटत नाही? ओ. एच. मौरर याने १९४७ साली दिलेलं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. पहिल्या पायरीवर खूण आणि झटका यांची गाठ बसते, खुणेनेच भीती वाटायला लागते. दुसऱ्या पायरीवर पळाल्याने खूण मागे पडते, भीती उतरते आणि ते उतरणंच बक्षीस ठरतं. प्रत्येक पळण्यागणिक पळणं पक्कं होतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेनंतर काही आलं नाही हे कळतं, कारण तो तिथेच बांधलेला असतो. तांबू तिथे थांबतच नव्हती. अर्थिंग झालं आहे हे तिला कळायला एकच मार्ग होता, आत उभं राहून पाहणं, आणि नेमकं तेच ती टाळत होती. तिच्या बाजूने हिशेब चोख होता. मामी निघाली, मी निघाले, झटका बसला नाही.

मामाला हे पटलं, पण त्याची एक हरकत होती आणि ती बिनतोड होती. "भीती म्हणतोस, पण घाबरलेली दिसते कुठे? निवांत रवंथ करते. नखरे आहेत." खरंच, ऑगस्टच्या मध्याला तांबूचे कान ताठ होत नव्हते, शेपटी दबत नव्हती. ती सवयीने वळायची आणि चरायला लागायची. केमिन, ब्रिमर आणि ब्लॅक यांनी १९६३ साली उंदरांत हेच मोजलं होतं. लागोपाठ नऊ वेळा झटका टाळलेल्या उंदरांत खुणेची भीती जास्त होती. लागोपाठ सत्तावीस वेळा टाळलेल्यांत ती उतरली होती, टाळणं मात्र पक्कं होतं. मौररच्या सिद्धांताला ही गोष्ट अडचणीची आहे. भीतीच उरली नाही तर पळण्याचं बक्षीस कुठलं? यावर पुढे पुष्कळ वाद झाले. माझं मत असं की सराईत टाळणारा प्राणी भीतीवर चालत नाही, "हे केलं की ते होत नाही" या अपेक्षेवर चालतो. मामाला मी दाराच्या कडीचं उदाहरण दिलं. रात्री कडी लावताना कोणी थरथरत नाही, पण कडी लावल्याशिवाय झोपतही नाही.

बांधावं की नाही

"मग बांधू या आत," मामा म्हणाला. "पंप लावू, काही होत नाही हे कळेल तिला."

तत्त्वतः यात चूक नाही. सॉलोमनच्या चमूने मधे काच बसवून कुत्र्यांची उडी अडवून पाहिली होती. उंदरांत पळण्याची वाट बंद करून खुणेसमोर ठेवलं तर टाळणं लवकर सुटतं, हेही नंतर दिसलं आहे. पण तांबूला आम्ही आधीच एकदा बांधलं होतं, तेही कठड्यात वीज असताना. सेलिगमन आणि मायर यांच्या १९६७ सालच्या प्रयोगात ज्या कुत्र्यांना सुटता न येणारे झटके मिळाले, त्यांतली बरीच पुढे सुटायची वाट उघडी असतानाही निपचित पडून राहिली. याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, आपलं म्हणणं उलटं मांडलं. लांबलेल्या त्रासात निपचित होणं हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे. शिकली जाते ती गोष्ट वेगळीच, आपल्या हातात काही आहे ही. त्या दुसऱ्या दिवशी मान खाली घालून उभी असलेली तांबू सुधारली नव्हती. पुन्हा बांधलं असतं तर ती शांत उभी राहिली असती आणि आम्हाला तिच्याबद्दल काहीच कळलं नसतं.

दुसरं कारण दुधाचं. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिनने, आणि घाबरलेल्या गायीच्या अंगात सुटणारं अ‍ॅड्रिनलिन त्याला अडवतं. सोसायटीला दूध घालायचं असताना रोज सकाळी गाय घाबरवणं परवडणारं नव्हतं.

म्हणून वाट उघडी ठेवली. आधी खूण सैल केली. मामी दिवसातून आठ-दहा वेळा खळं ओलांडून स्टार्टरपर्यंत जायची आणि काही न करता परत यायची. शेजारणीने विचारलं, काय हरवलं का? तांबू लांब चरत असताना पंप लावायचा. पहिल्या दिवशी पंपाच्या आवाजाला तिने मान वर केली आणि बराच वेळ खाली घातली नाही. चौथ्या दिवशी नुसता कान हलवला. मग ती खळ्यात असताना, मग दाराशी. दाराशी मामी हातावर गुळाचा खडा घेऊन उभी राहायची, बादली कायमची बाद. तांबूने मागे जायचं ठरवलं तर जाऊ द्यायचं. अट एवढीच की मामी निघाल्यावर तांबू आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त थांबली तरच पुढची पायरी. त्या जास्तीच्या चार सेकंदांत काही घडत नाही, हा सगळा धडा होता.

गोठ्यात नव्या बाजूला लाकडी फळ्यांवर रबरी मॅट टाकली, म्हणजे पायाखालची जागा झटक्यांच्या दिवसांतल्यासारखी लागू नये. लोखंडी वाटी काढून टाकली. आणि कपिलाला नव्या बाजूला आणून बांधलं. ही सूचना मामीची. मी तिला मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेकाच्या प्रयोगांतल्या माकडांबद्दल सांगितलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नसत, पण रानातून आणलेली माकडं सापाला घाबरताना पाहून तीही घाबरायला शिकली. एकाने शांत राहिलेलं पाहूनही काहीतरी पोचत असावं. मामी म्हणाली, "माकडं कशाला, गुरं तर एकामागून एकच जातात." कपिला आत उभी राहून पेंढा खात होती, पंप चालू होता, आणि तांबूने पहिल्यांदा पुढचे दोन पाय मॅटवर ठेवले.

मग चवथ आली. घरात पाहुणे, मामा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांचं सामान आणायला दोन दिवस रानात, गायी पाच दिवस कुळागरातच. गणपती पोचवून आल्यावर तांबू पुन्हा दारापाशी अडली, अगदी पहिल्यासारखी. मामाने माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही. मी मात्र याची वाट बघत होतो. विलोपनाने जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि नवी जुनीपेक्षा पातळ असते. काही दिवस मधे गेले की जुनी वर येते, हे पाव्हलॉव्हनेच नोंदवलं आहे. मार्क बाउटनने पुढे दाखवलं की नवी शिकवण ज्या जागेत, ज्या परिस्थितीत मिळाली तिला ती फार चिकटून राहते. जागा बदलली की भीती परत. म्हणून पुढचे तीन आठवडे आम्ही मुद्दाम बदल करत राहिलो. सकाळी, संध्याकाळी, पाऊस असताना, ऊन असताना, कधी मामी, कधी मामा, कधी गडी. गड्याची काठी मामाने कुळागरात मिरीच्या वेलाला आधार म्हणून रोवून टाकली होती.

दसऱ्याच्या आसपास तांबू रोज आत यायला लागली. मशीनचे कप ठेवू देते. दूध नऊ लिटरपर्यंत आलं. अकरा-बारा झालं नाही, पण तोवर वेताचे महिनेही पुढे सरकले होते. त्यामुळे उरलेल्या दोन-तीन लिटरांचा दोष भीतीला द्यायचा की कॅलेंडरला, हे एका गायीवरून सांगता येत नाही. नाल्याच्या कोपऱ्यापाशी ती अजून डावा मागचा पाय उचलते.

मल्टिमीटर

एक गोष्ट आम्ही ठरवून केली नव्हती. मामा रोज दूध काढायच्या आधी मल्टिमीटरची लाल-काळी टोकं कठड्याला आणि जमिनीला लावतो, आकडा वाचतो, "शून्य" असं मोठ्याने म्हणतो आणि वहीत लिहितो. नोव्हेंबरमध्ये तो दोन दिवस जत्रेला गेला. पहिल्या सकाळी तांबू दारात येऊन थांबली. घाबरली नव्हती, मागेही गेली नाही. नुसती कठड्याकडे बघत उभी. मामीने गूळ दाखवला, कपिला आत होतीच. तांबू हलेना.

मामीने मला फोन केला. रेस्कोर्ला आणि लोलॉर्डो यांनी १९६५ साली कुत्र्यांवर दाखवलं होतं की "आता झटका येणार नाही" एवढंच सांगणारी खूणही प्राणी शिकतो आणि ती खूण दिसली की त्याची भीती उतरते. मामाचा मल्टिमीटर तांबूसाठी तशी खूण झाला होता. मी फोनवर विचार करत होतो की ही कुबडी काढायला हवी, नाहीतर ती मामाशिवाय कधी आत जाणार नाही. मामाने दर दोन दिवसांआड मोजायचं, मग चार, असं काही वेळापत्रक मी मनात मांडत होतो.

"थांब जरा," मामी म्हणाली. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लोखंडावर टक टक, आणि मामाच्या आवाजाची नक्कल करून म्हटलेलं, "शून्य!"

"काय लावलंस?" मी ओरडून विचारलं.

"डाळीचा डाव. आली बघ आत."

वेळापत्रक करू का, असं मी विचारलं. आता दूध काढते, मग बोलू, म्हणाली.